वाचक विचारतात: तिकडे काटा तपासायला कोण जातं?

प्रश्न: आदित्य-एल१ वरचं सूर्याचे कण मोजणारं यंत्र १५ लाख किमीवर आहे, मग आकडे बरोबर येतायत हे कळतं कसं हो? आमच्या मार्केट यार्डात निदान वजन ठेवून काटा तपासता येतो. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: काट्याचं उदाहरण एकदम बरोबर पकडलंत. जमिनीवर असतानाच असल्या डिटेक्टरसमोर अमेरिशियम-२४१ सारखा किरणोत्सारी स्रोत ठेवतात, त्याचे अल्फा कण साधारण ५.४९ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे असतात हे पक्कं ठाऊक असतं, म्हणजे झालं की प्रमाणित वजन.

पण खरी गोची गर्दीची. गड्ड्याच्या जत्रेत गेटवर एकच माणूस मोजायला उभा केला तर एकाची नोंद करेपर्यंत दोघं तिघं आत सटकणारच ना, तसंच सौर वादळात होतं. समजा एका कणामागे यंत्र १० मायक्रोसेकंद बिझी राहतं आणि सेकंदाला ५० हजार कण मोजले गेले, तर अर्धा सेकंद ते बिझीच होतं, म्हणजे खरे आले असतील १ लाख! हा डेड टाइम, आणि गंमत म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या दिवशीच आकडा कमी दिसतो. हिशोबाने दुरुस्त करतात, पण फारच गर्दी असली तर त्या डेटावर 'जपून वापरा' असा फ्लॅग लावलेला बरा.

आणि हो, असले डिटेक्टर बहुधा सिलिकॉनचे, आणि सिलिकॉनला गरमी सोसत नाही, ७-८ अंश वाढले की गळतीचा करंट (कण आला नसतानाही वाहणारा) जवळपास डबल. आपल्या मे महिन्यात त्याचं काय झालं असतं देव जाणे.