पत्त्यांच्या कॅटमधून कुणाची टर उडवली गेली आहे का?

प्रश्न असा आहे: खेळायच्या पत्त्यांवर व्यंगचित्रं छापून कुणाची खिल्ली उडवायचा प्रकार पूर्वी कधी झाला होता का, की हे अलीकडचं खूळ आहे?

झाला होता, आणि चांगलाच झोंबणारा. माझ्याकडे लंडनच्या १७२० सालच्या एका कॅटची नव्याने छापलेली प्रत आहे. एका सुट्टीत मेंढीकोट खेळायला हौसेने तोच काढला. दोन डावांत खेळ बंद पडला, कारण जो तो हातातला पत्ता वाचत बसला आणि जुन्या इंग्रजीचा अर्थ मला विचारायला लागला. हुकूम काय आहे, हे कुणाच्या लक्षातच राहिना.

हा कॅट आहे शेअरबाजाराच्या वेडावर. दक्षिण अमेरिकेशी व्यापाराचा मक्ता मिळालेल्या साउथ सी कंपनीचा शेअर १७२० च्या जानेवारीत साधारण १२८ पौंडांना होता. उन्हाळ्यात तो हजाराच्या घरात गेला आणि सप्टेंबर सरता सरता दोनशेच्या खाली आपटला. ती लाट चढत असताना लंडनच्या चेंज ॲली नावाच्या गल्लीत, कॉफीहाउसांमध्ये, रोज नव्या कंपन्या उगवत होत्या. काही खऱ्या, काही नुसत्या कागदावरच्या. बोल्स नावाच्या चित्रविक्रेत्यांनी त्यांचाच कॅट केला. प्रत्येक पत्त्यावर एक कंपनी, तिचं चित्र, खाली चार ओळींची कविता, आणि हा पत्ता कोणता हे कळावं म्हणून कोपऱ्यात छोटासा नेहमीचा पत्ता.

माझी लाडकी इस्पिकची अठ्ठी. तिच्यावर जेम्स पकल या वकिलाची बंदूक आहे. १७१८ साली त्याने तिचं पेटंट घेतलं होतं. तिवईवर ठेवलेली, फिरत्या नळकांड्याची बंदूक. ख्रिस्ती शत्रूवर गोल गोळ्या झाडायच्या आणि तुर्कांवर चौकोनी! (हे पत्तेवाल्याच्या डोक्यातून निघालेलं नाही, खुद्द पकलसाहेबांच्याच पेटंटात आहे. व्यंगचित्रकाराला अशा वेळी फार कष्ट पडत नाहीत.) खालच्या कवितेचा भावार्थ असा: गर्दीचा फडशा पाडणारं हे अजब यंत्र, पण परदेशातल्या शत्रूंचा नव्हे, घरच्याच मूर्खांचा. घाबरू नका दोस्तांनो, जखमी होतात ते फक्त हिचे शेअर घेतलेले.

बदाम नव्वीवर तांब्या-पितळेची कंपनी. सोन्याचांदीची नाणी देऊन भेसळीचं पितळ घरी नेणारा चेंज ॲलीत गाढव ठरेल, असं तिथे म्हटलंय. इंग्रजीत गाढव आणि पितळ या शब्दांचं यमक जुळतं. आपल्याकडे यमक नाही, पण पितळ उघडं पडतंच. चौकट अठ्ठीवर अकेडिया, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहत करणारी कंपनी. पैसे उधळायची हौस असलेल्याने जरूर भागीदार व्हावं, ‘त्याला किंवा धारकास’ गाढवाचे कान मिळतील! हुंडीची भाषा जशीच्या तशी उचलली आहे. रोज हुंड्या वटवणाऱ्या गिऱ्हाइकाला हा टोमणा समजावून सांगायची गरज नव्हती.

मला यातली खरी मजा वेगळीच वाटते. भिंतीवर लावलेलं चित्र माणूस एकदा बघून पुढे जातो. पत्ता मात्र दर डावात फिरून हातात येतो. शिवाय पैसे लावून पत्ते कुटणारा माणूस ज्याच्यावर हसतोय, तोही जुगारीच. ‘शेअरचा नाद लई वाईट’ असं म्हणत म्हणत हा नव्वी टाकणार आणि डाव हरणार.

अर्थात हे हत्यार कुणाच्याही हातात चालतं. त्याआधी १६७९ साली इंग्लंडमध्ये ‘पोपच्या कटा’चे पत्ते निघाले होते, फ्रान्सिस बार्लो या चित्रकाराच्या चित्रांवरून. कॅथलिक लोक राजाचा खून करणार, अशी थाप टायटस ओट्स नावाच्या पाद्र्याने उठवली होती. तोच कट त्यावर चित्रकथेसारखा मांडला होता. कट साफ खोटा होता, पण त्यापायी निरपराध माणसं फासावर गेली. पत्ते मात्र झोकात खपले.

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पत्त्यांचं नाव बरेचजण घेतात. १७९३ साली तिथे राजा-राणी-गुलामाला कॅटमधून हाकललं. राजाच्या जागी प्रतिभा, राणीच्या जागी स्वातंत्र्य, गुलामाच्या जागी समता, एक्क्याच्या जागी कायदा. गुलामाची समता झाली हे मराठीत वाचताना हसू येतं, पण ते पत्ते काढणारे भयंकर गंभीर होते. तेव्हा ते व्यंगात मोडत नाहीत. २००३ साली अमेरिकी सैनिकांना वाटलेला इराकी पुढाऱ्यांचा कॅटही मुळात ओळख पटवण्यासाठी होता. सद्दाम हुसेन इस्पिकचा एक्का. पुढे त्याच धर्तीवर बुश आणि मंडळींचे कॅट निघाले, ती मात्र थट्टा होती.

आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफांत मला असला खोडसाळपणा कुठे दिसला नाही. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंग, १२० गोल पत्ते, दर रंगाला एक अवतार. हातात साक्षात नरसिंह आल्यावर टवाळी सुचणार कुणाला?

लंडनवाले पत्ते बघायचे असतील तर ब्रिटिश म्युझियमच्या किंवा हार्वर्डच्या बेकर लायब्ररीच्या संग्रहात शोधा. सुरुवात इस्पिकच्या अठ्ठीपासूनच करा.