कार्ली फिओरिना का हरल्या?

एवढी मोठी कंपनी चालवलेल्या कार्ली फिओरिना यांना अमेरिकी मतदारांनी दोनदा का नाकारले, आणि त्या स्त्री असल्यामुळेच हे घडले का, असे आपण विचारले आहे. स्त्री असण्याचा जाच त्यांना झाला, यात शंका नाही. २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्या चेहऱ्यावरून शेरा मारला होता, आणि उमेदवारांच्या चर्चेच्या मंचावर फिओरिना यांनी त्याला आवाज न चढवता, मोजक्या शब्दांत दिलेले उत्तर मला आजही उत्तम वाटते. तरीही पराभवाचे मूळ मला त्यांच्या कंपनीतल्या कारकिर्दीत दिसते.

१९९९ मध्ये त्या ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीच्या प्रमुख झाल्या. संस्थापकांपैकी एकाचे पुत्र वॉल्टर ह्यूलेट यांचा उघड विरोध असतानाही कॉम्पॅक या दुसऱ्या संगणक कंपनीच्या विलीनीकरणाला त्यांनी २००२ मध्ये भागधारकांची मंजुरी निसटत्या बहुमताने मिळवली. त्यांच्या काळात सुमारे ३०,००० जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि २००५ मध्ये संचालक मंडळाने त्यांनाही पदावरून दूर केले. विलीनीकरण योग्य होते की नाही, यावर जाणकारांत आजही दुमत आहे. परंतु निवडणुकीच्या दृष्टीने तो वाद गौण ठरला. कंपनीत प्रमुखाला जाब विचारतात ते संचालक आणि भागधारक; ज्याची नोकरी जाते त्याला त्या निर्णयात मत नसते. मतदान केंद्रावर मात्र त्याला मत असते, त्याच्या घरच्यांना असते आणि त्याची कहाणी ऐकलेल्या शेजाऱ्यांनाही असते.

२०१० मध्ये फिओरिना कॅलिफोर्नियातून सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा नेमके हेच झाले. राज्यातली बेकारी १२ टक्क्यांच्या वर गेली असताना त्यांच्या प्रतिस्पर्धी, विद्यमान सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी आपल्या जाहिरातींत तीच नोकरकपात पुढे आणली आणि सिनेटची जागा सुमारे १० टक्के मतांच्या फरकाने राखली. विजयी उमेदवारही स्त्रीच होती, हे येथे विसरता येत नाही. त्याच दिवशी ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या कंपनीच्या माजी प्रमुख मेग व्हिटमन स्वतःचे १४ कोटी डॉलरहून अधिक खर्चूनही गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्या. त्यांच्या पराभवाची कारणे काहीशी निराळी होती, पण पैशाने विश्वास मिळत नाही एवढे त्यातून दिसले.

२०१६ च्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीच्या स्पर्धेतही तोच प्रश्न फिओरिनांच्या मागे आला आणि फेब्रुवारीत त्यांनी माघार घेतली. कंपनी वाचवण्यासाठी कठोर निर्णय घ्यावे लागले, असे त्या सांगत राहिल्या. ते कदाचित खरेही असेल, परंतु ते भागधारकांच्या सभेत शोभणारे उत्तर होते. नोकरी गमावलेल्यांपुढे जाऊन त्यांचे म्हणणे त्यांनी आधी ऐकून घ्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.