प्रार्थनेत काहीच वाटत नाही, म्हणजे माझा विश्वास गेला का?

ख्रिस्ती कुटुंबांतली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक वेळा घरातली भांडणं, मुलांचं वागणं किंवा कुणाचं तरी व्यसन, अशा कारणांनी. पण दोन-चार भेटी झाल्या की निघता निघता, दाराशी थांबून, त्यांतली बरीच जण एकच वाक्य बोलतात: “प्रार्थनेला बसते, पण आतून काहीच वाटत नाही हो. माझा विश्वास गेला असेल का?” ज्या बाईंविषयी इथे सांगते आहे, त्या मात्र तेवढंच विचारायला आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

वय चाळिशीच्या आसपास. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, संडे स्कूलची (मुलांच्या बायबल-वर्गाची) जबाबदारी बरीच वर्षं त्यांच्याकडे. आदल्या वर्षी आई गेली. तिचं लांबलेलं आजारपण त्यांनीच काढलं होतं. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या: बायबल आणि पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) नावाने लिहिलेला राजीनामा. राजीनाम्यात कारण एकच, ‘मुलांना जे शिकवते ते मला स्वतःला जाणवत नाही, मी ढोंगी आहे.’ मी तो वाचून “बरोबर आहे” एवढं म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

बायबल उघडलं तर खूण नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाला. वचनं ४ ते ६ यांच्याखाली पेन्सिलीच्या इतक्या रेघा, की कागद फाटायला आला होता. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असा तो भाग. रात्री झोप आली नाही की त्या हेच वाचत बसायच्या.

“पुढचं वाचलंत?”

“नाही मॅडम. पुढे जाववतच नाही.”

मी त्यांना नववं आणि दहावं वचन मोठ्याने वाचायला सांगितलं. लेखक तिथे आपल्या वाचकांना प्रियजन म्हणतो. असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं सांगतो. आणि तुम्ही केलेली सेवा विसरायला देव अन्यायी नाही, असंही. इशारा ज्यांना दिला, धीरही त्यांनाच दिला आहे. हा इशारा ख्रिस्ताकडे जाणूनबुजून पाठ फिरवणाऱ्यांसाठी आहे, आणि पाठ फिरवून गेलेल्या माणसाची या वचनाने झोप उडालेली मी तरी पाहिलेली नाही.

तारण, म्हणजे ख्रिस्तामुळे मिळालेली पापातून सुटका, गमावता येतं की नाही, यावर मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद आहेत; माझ्या खोलीत ते मिटणार नाहीत. पण खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतोच, असं ठासून सांगणारी १६४६ची वेस्टमिन्स्टर कबुली (प्रोटेस्टंट मंडळ्यांचं एक विश्वासपत्र) सुद्धा १८व्या प्रकरणात मान्य करते की त्याची तारणाची खात्री डळमळू शकते, उणावू शकते, मध्येच खंडितही होऊ शकते. म्हणजे खात्री वाटत नाही, एवढ्यावरून विश्वासच नाही असं ठरत नाही. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि चेहरा होता तसाच राहिला. मुद्दा पटला म्हणून मन हलकं होतं असं थोडंच आहे.

मग विश्वासाचा विषय बाजूला ठेवून मी साध्या चौकशा केल्या. झोप? पहाटे तीनला जाग येते ती येतेच. भूक? बेताची. गायनाची आवड होती, ती गेली. उपासनेत वाद्यांचा आवाजही नकोसा होतो. जगणं नको वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. भाविक माणसाला असं कसं विचारायचं, म्हणून अनेकजण हा प्रश्न टाळतात. टाळू नये. त्यांच्या मनात तसे विचार नव्हते, तरी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं.

“म्हणजे हे प्रार्थनेने नाही होणार?” त्या दुखावल्याच.

मी जुन्या करारातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा अध्याय १९ काढला. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, झोपू देतो, परत उठवून खायला लावतो. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. झोप आणि अन्न यांची व्यवस्था देवाने आधी केली, हे त्यांनी पूर्वी मुलांना शिकवलंही होतं. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, औषध सुरू झालं, आणि काही आठवड्यांनी झोप बरीचशी रुळावर आली. प्रार्थना मात्र कोरडीच.

खरी गोष्ट त्यानंतर बाहेर आली. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मंडळीतल्याच एका जवळच्या व्यक्तीने त्यांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, “पूर्ण विश्वासाने मागितलं असतंस तर आई उठली असती.” हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “मी उपास करून मागितलं होतं, मॅडम! रात्ररात्र मागितलं होतं!” आणि लगेच, “सॉरी, असं बोलायला नको होतं.”

राग त्या व्यक्तीवर होताच, पण त्याहून जास्त देवावर होता. देवावर रागवायचं नाही, म्हणून तो गिळलेला. आता ज्याच्यावर राग आहे आणि ज्याला तो सांगायचा नाही, त्याच्याशी रोज सकाळी गोड बोलायला बसलं तर बोलणं कोरडं होणार नाही तर काय? माणसामाणसांत हेच होतं.

‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य मला मनापासून नावडतं, आणि ते बायबलला धरूनही नाही. शरीरातला काटा, म्हणजे कसलासा त्रास, जावा म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनंती केली; काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. ज्याच्या हातून आजारी बरे झाले त्याच पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडून पुढे जावं लागलं. आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रभू येशूने स्वतः मागितलं. यांतल्या कुणाला म्हणायचं, तुमचा विश्वास कमी पडला?

त्या दिवशी मी त्यांना स्तोत्र ८८ वाचायला दिलं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत, पण बहुतेकांत शेवटाकडे सूर बदलतो, स्तुती येते. या स्तोत्रात ती येत नाही. मला का टाकलंस, माझ्यापासून तोंड का लपवतोस, असं विचारत ते अंधारातच थांबतं. बाईंनी वाचून संपवलं आणि पान उलटून पाहिलं.

“एवढंच? पुढे काही नाही?”

“नाही.”

“आणि हे असं देवाला बोललेलं चालतं?”

चालतं की. शतकानुशतकं लोकांनी ते प्रार्थना म्हणूनच म्हटलं आहे. स्तोत्रकर्त्याला देव जवळ वाटत नाही, तरी तो बोलतो देवाशीच. पहिल्याच ओळीत त्याला आपला उद्धारक म्हणून हाक मारतो. मी ज्याला विश्वासात स्थिर राहणं म्हणते ते हेच. त्यांनी ते स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आईचं नाव घेऊन रडल्या, बराच वेळ.

राजीनाम्याचं काय? लोयोलाच्या संत इग्नेशियसने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत (ते १५४८ मध्ये छापले गेले) एक नियम घालून दिला आहे: मन उजाड असताना कोणताही बदल करू नये, बरे दिवस असताना जे ठरवलं होतं त्याला धरून राहावं. बाई प्रोटेस्टंट, कॅथलिक संताचं नाव निघताच त्यांच्या भुवया जरा वर गेल्या, पण नियम त्यांना पटला. त्याचंच दुसरं सांगणं, अशा काळात प्रार्थनेची ठरलेली वेळ उलट थोडी वाढवावी, ते मी त्यांना दिलं नाही. थकून गेलेल्या माणसाला त्याने आणखी अपराधी वाटतं, असं माझं मत. आम्ही ठरवलं ते असं: वेळ रोजचीच, पण दहाच मिनिटं. एक स्तोत्र मोठ्याने, मग प्रभूची प्रार्थना. स्वतःचे शब्द सुचलेच पाहिजेत असं नाही, आणि उठताना ‘आज काही वाटलं का’ हे तपासायचं नाही. संडे स्कूल सोडायचं नाही, फक्त मोठ्या मुलांचा वर्ग काही महिने दुसऱ्या शिक्षिकेकडे. ही गोष्ट पाळकांना त्यांनी स्वतः सांगायची. आणि एका मैत्रिणीला म्हणायचं, सध्या माझ्या वाटची प्रार्थना तू कर. पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला, असं मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो.

हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. शिक्षिकेने असं मागायचं कसं! पण मागितलं.

पुढे चमत्कार वगैरे काही झाला नाही. कोरडेपणा अजून अधूनमधून येतो, पण तो आला की त्या इब्रीच्या सहाव्या अध्यायाकडे धावत नाहीत. ज्यांनी ते वाक्य टाकलं होतं त्यांच्याशी बोलणं झालं. क्षमा करणं अजून चालू आहे.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी, कारण हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. कोरडेपणाची कारणं सांगताना इग्नेशियस पहिलं कारण स्वतःची हयगय हेच सांगतो. यानंतर एक तरुण अगदी हेच वाक्य घेऊन आला: प्रार्थनेत काही वाटत नाही. त्याची झोप ठीक होती, भूक ठीक होती, शोक कसलाही नव्हता. दुसऱ्या भेटीत कळलं की भागीदाराला अंधारात ठेवून तो हिशेबात घोळ करत होता. त्याला मी विलापाचं स्तोत्र दिलं नाही. लुबाडलेलं चौपट परत करायला तयार झालेल्या जकातदार जक्कयाची गोष्ट वाचायला दिली, आणि भागीदाराचे पैसे कधी परत करणार ते विचारलं.