मॅजिकार्पचा गॅराडोस ‘होतो’ की ‘उत्क्रांत होतो’?

प्रश्न सोलापूरच्याच एका ताईंचा आहे. मुलगा सहावीत. ‘माझा आवडता खेळ’ या निबंधात त्यानं लिहिलं, “माझा मॅजिकार्प उत्क्रांत झाला.” बाईंनी ‘उत्क्रांत’खाली लाल रेघ ओढून वर ‘विकसित’ लिहिलं. घरी आजोबांनी वही पाहिली आणि म्हणाले, दोन्ही चूक, ‘रूपांतर झालं’ म्हण. पोकेमॉनसारख्या खेळांत पाळलेला प्राणी बदलून जास्त ताकदीचा होतो, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं, असं ताई विचारतात.

ताई, तिघांच्याही म्हणण्याला थोडाथोडा आधार आहे. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. इथे नाम शोधत बसायचं कारणच नाही. मराठीत या कामाला आख्खी वाक्यरचना तयार पडली आहे : अळीचं फुलपाखरू झालं, वाल्याचा वाल्मीकी झाला, नराचा नारायण झाला. तसाच मॅजिकार्पचा गॅराडोस झाला. षष्ठी लावायची आणि पुढे ‘होणे’ ठेवायचं, बस्स. पार्क चौकात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या पोरांना कुणी व्याकरण शिकवलेलं नाही, पण ती बरोबर हेच बोलतात : “काय बे, झाला का तुझा गॅराडोस?”

या रचनेची खुबी त्या ‘चा’मध्ये आहे. जो आधी होता तोच पुढचा झाला, मधे अदलाबदल झालेली नाही, हे एका प्रत्ययात येतं. खेळातही तसंच असतं. मॅजिकार्प हा तांबडा, बावळट मासा. त्याला सुरुवातीला एकच डाव येतो, पाण्यात तडफडण्याचा, आणि त्यानं समोरच्याचं काही म्हणजे काही बिघडत नाही. चिकाटीनं त्याला 20 व्या लेव्हलपर्यंत नेलं की त्याचा गॅराडोस होतो, अजस्र निळा, सापासारखा, संतापी. नदीचा धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो, या जुन्या चिनी कथेवर ही जोडी बेतलेली आहे. फोनवरच्या ‘पोकेमॉन गो’मध्ये लेव्हलऐवजी खेळता खेळता जमवायची ‘कँडी’ लागते आणि या माशाला तब्बल 400 कँडी मोजाव्या लागतात. पण नाव बदललं, अंग बदललं, तरी तुम्ही पकडलेला मासा तोच. ‘चा’ खरा ठरतो.

आता शब्दांकडे. ‘उत्क्रांत’ मुलानं मनानं घातलेला नाही. इंग्रजी खेळात ‘इव्हॉल्व्ह’ हा जो शब्द येतो त्याला शाळेच्या पुस्तकात हाच प्रतिशब्द आहे; दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा धडाच आहे. मूळ जपानी खेळातला शब्द ‘शिंका’ (आपल्याला ऐकताना सर्दी झाल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही), आणि जपानीत डार्विनच्या सिद्धांतासाठीही तोच शब्द चालतो. म्हणजे गोंधळ मुलाचा नाही, खेळ करणाऱ्यांनीच तो जन्मापासून घातलेला आहे. कारण जीवशास्त्रात एकटा प्राणी कधीच उत्क्रांत होत नसतो. पिढ्यान्‌पिढ्या जाऊन अख्ख्या समूहाचे गुण बदलतात, तेव्हा ती उत्क्रांती. एखादा मासा मंगळवारी संध्याकाळी उत्क्रांत झाला, असं म्हणता येत नाही.

या शब्दाची स्वतःची कुंडलीही गंमतीची आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. क्रांती, अतिक्रमण, पराक्रम ही सगळी त्याचीच पोरं. ज्या संक्रांतीला आपल्याकडे गड्ड्याची यात्रा भरते, ती संक्रांतही त्यातलीच : सूर्य एका राशीतून दुसरीत पाऊल टाकतो. मात्र जुन्या संस्कृतात ‘उत्क्रांती’ म्हणजे जीवानं देह सोडून निघून जाणं. ब्रह्मसूत्रांत तो याच अर्थानं येतो. त्या हिशेबानं ‘माझा मॅजिकार्प उत्क्रांत झाला’ हे वाक्य एखाद्या शास्त्रीबुवांनी वाचलं असतं तर त्यांनी ताईंच्या घरी सांत्वनाला माणूस पाठवला असता.

बाईंचं ‘विकसित’ मला तिन्हींत फिकं वाटतं. विकास म्हणजे मुळात उमलणं, आणि उमलण्यात जे आत होतं तेच बाहेर येतं, हे मान्य. कानडीत जीवशास्त्रातल्या उत्क्रांतीला ‘विकास’च म्हणतात. पण मराठीत आज विकास म्हटलं की आधी खोदलेला रस्ता डोळ्यांपुढे येतो. हळूहळू, टप्प्याटप्प्यानं, निधी आला तर. खेळात मात्र पडदा लखलखतो आणि काही सेकंदांत काम तमाम.

आजोबांचा शब्द शास्त्राला सर्वांत जवळचा. अळी, कोश, फुलपाखरू या बदलाला जीवशास्त्रात रूपांतरण म्हणतात, आणि पोकेमॉनची कल्पनाही किड्यांच्याच जगातून निघाली आहे. ज्यांच्या डोक्यातून हा खेळ आला ते सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करत हिंडायचे. त्या नादातूनच पुढे 1996 चा पहिला खेळ उभा राहिला. त्यात कॅटरपी नावाची अळी आहे. तिचा 7 व्या लेव्हलला मेटापॉड होतो, म्हणजे कोश, आणि त्याचं 10 व्या लेव्हलला बटरफ्री होतं, म्हणजे फुलपाखरू. मी आत्ता ‘तिचा’, ‘त्याचं’ असं लिहून गेलो, ते मराठीनं लिहून घेतलं. ती अळी, तो कोश, ते फुलपाखरू : एकाच जिवाला तीन अवस्थांत तीन लिंगं. आपल्या भागातल्या डाळिंबवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. फळ पोखरते ती सुरसा अळी, आणि बागेत अंडी घालत फिरतं ते तिचंच फुलपाखरू. शिव्या मात्र सगळ्या अळीच्या वाट्याला.

‘रूपांतर’मध्ये एकच उणं आहे : त्याला दिशा नाही. कादंबरीचं नाटकात रूपांतर होतं, पाण्याचं वाफेत होतं, वादाचं मारामारीत होतं. वर चढल्याची खूण त्यात नाही. नामच हवं असेल, एखादा तक्ता किंवा लेख लिहायचा असेल, तर मी ‘रूपांतरण’ घेईन आणि टप्प्यांना पहिलं रूप, पुढचं रूप, शेवटचं रूप म्हणेन. प्राण्याचं नाव घ्यायचं नसेल तर ‘त्यानं पुढचं रूप घेतलं’ हे बोलायलाही सोपं जातं.

चौथा शब्द कुणी सुचवला नाही, पण तो आपल्या शहरातच आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं आहेत. तेलुगूत उत्क्रांतीला ‘परिणामम्’ म्हणतात. मराठीत आपण परिणाम म्हणजे फळ, असर एवढ्यावर आणून ठेवलाय. दर्शनांत मात्र परिणाम म्हणजे वस्तूनं स्वतःच दुसरी अवस्था धरणं, दुधाचं दही होणं. आणि पतंजलींच्या योगसूत्रांत, कैवल्यपादाच्या दुसऱ्याच सूत्रात, ‘जात्यन्तरपरिणाम’ असा शब्द आहे : एका जातीचा जीव दुसऱ्या जातीचा होणं. खेळाचं वर्णन इतकं नेमकं कुठल्याच शब्दानं होत नाही. सूत्र सांगतं की हा बदल प्रकृती भरून आल्यानं होतो. पुढचं सूत्र तर त्याहून मजेचं आहे. बाहेरचं निमित्त बदल घडवत नाही, ते फक्त आडोसा दूर करतं, शेतकऱ्यासारखं. उसाला दारं धरणारा माणूस पाणी ढकलत नाही. तो फावड्यानं मातीचं दारं मोडतो, पाणी आपसूक पुढच्या वाफ्यात शिरतं. पिकाचूला थंडर स्टोन दिला की त्याचा रायचू होतो, तिथे दगडाचं काम एवढंच. रायचूपण दगडात नसतं. तोच दगड मॅजिकार्पला देऊन पाहा, ढिम्म हलणार नाही. सहावीतल्या निबंधात ‘जात्यंतरपरिणाम’ घालू नये हे उघड आहे. पण शब्द आहे, आणि आपल्या घरात आहे.

पुन्हा ‘होणे’कडे येतो, कारण खरी मौज तिथे आहे. खेळात बदलाच्या जेवढ्या तऱ्हा, तेवढी वळणं या क्रियापदाला आहेत. लेव्हल चढल्यावर आपोआप बदललं तर ‘झाला’. दगड तुम्ही दिला, म्हणून तिथे ‘केला’ : “पिकाचूचा मी रायचू केला.” चालू बदल बी बटण दाबून थांबवता येतो, तेव्हा ‘होऊ दिला नाही’. टीव्हीवरच्या पोकेमॉन मालिकेतल्या पिकाचूसमोर थंडर स्टोन ठेवला जातो आणि तो नाकारतो. तिथे ‘होईना’ : करायला गेलं तरी तो तयार नाही, हे त्या ‘ना’तच आलं. हाँटरची गोष्ट आणखी निराळी. त्याचा गेंगार व्हायचा तर मूळ खेळांत तो दुसऱ्या खेळाडूला द्यावा लागतो. म्हणून पोरं आधीच दम भरतात, “झाला की परत दे बे!” आणि ईव्हीचं काय होईल ते तुमच्यावर. सुरुवातीला तिला तीन दगडांच्या तीन वाटा होत्या, आता एकूण आठ रूपं आहेत. त्यातली दोन तर ईव्हीला लळा लागल्यावर मिळतात, दिवसा एक आणि रात्री दुसरं.

एका ठिकाणी मात्र ही रचना अपुरी पडते. निंकाडा हा जमिनीतला किडा. 20 व्या लेव्हलला त्याचा निंजास्क होतो, आणि तुमच्या चमूत जागा रिकामी असेल (नंतरच्या खेळांत एक जादा पोकेबॉल, म्हणजे प्राणी पकडायचा चेंडूही लागतो) तर त्याचं टाकलेलं कवच शेडिंजा म्हणून वेगळं हजर होतं. एकाचे दोन. इथे ‘झाला’च्या जोडीला ‘उरणे’ घ्यावं लागेल : निंकाडाचा निंजास्क झाला आणि मागे शेडिंजा उरला.

2013 च्या खेळांपासून आलेलं मेगा रूप वेगळं धरावं. ते लढाईपुरतं असतं, लढाई संपली की प्राणी मूळ रूपात येतो. त्याला मी ‘अवतार’ म्हणेन. अवतार काही कामासाठी घेतात आणि काम झालं की संपवतात, म्हणून “चारिझार्डनं मेगा अवतार घेतला” हे मराठीत सहज बसतं. ‘हा काय अवतार करून आलास’ यातला अवतार वेगळा, तो पोरांनी आपापल्या आईकडून ऐकलेला असतोच. डिजिमॉन या अशाच दुसऱ्या जपानी मालिकेतही लढाई झाली की मोठं रूप सहसा टिकत नाही, तिथे षष्ठीही चालेल, फक्त ‘परत’ जोडायला विसरू नये : ग्रेमॉनचा परत अगुमॉन झाला.