नवरा सतत स्वतःचंच कौतुक करून घेतो, जरा काही बोललं की अबोला धरतो. ही नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे स्वतःच्या मोठेपणात अडकण्याचा व्यक्तिमत्त्व विकार, असेल का? सासूबाई म्हणतात, स्वभावाला औषध नाही. तो बदलेल का?

कौतुक आवडतं एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात याचे नऊ निकष आहेत, त्यातले किमान पाच लागतात, तेही तरुणपणापासून आणि घरीदारी सगळीकडे दिसणारे. तुमचा नवरा त्यात बसतो का, हे इथलं कुणीच सांगू शकत नाही. मी लिहायला बसले ती तुमच्या एका वाक्यामुळे: 'सासूबाई म्हणतात, स्वभावाला औषध नाही.' हेच मी माहेरी तीस वर्षं ऐकलंय.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. सांगलीच्या घरी आणून दुसराच दिवस, माणसं बघायला यायला लागली. बाबांनी बाहेरच्या खोलीतली कॉट धरली, दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा. येईल त्याला आपली किती धावपळ झाली, मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला कसं आत बोलावून घेतलं, हेच सांगत होते. मधेच त्यांनी चहासाठी हाक मारली. आई पोटावर हात दाबून उठली आणि आधण ठेवलं. मी पुढे होईपर्यंत कप भरले होते.

धाकटी मावशी एवढंच म्हणाली, "दाजी, आज अक्काला बघायला आलोय हो."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टा काढून ठेवला. समोरच्या चहावर साय धरली तरी हात लावला नाही. पुढे अकरा वर्षं मावशीशी बोलले नाहीत. तिच्या मुलीच्या लग्नाला आईलाही जाऊ दिलं नाही.

अशी माणसं स्वतःवर फार खूश असतात असं लोकांना वाटतं. मला त्या चेहऱ्यावर भीती दिसली. एका वाक्यानं सगळं मोठेपण ढासळतं, म्हणून ते सतत कुणाकडून तरी वसूल करावं लागतं.

नंतर मी स्वतःच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. समोर न बसलेल्या माणसाचं निदान करणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. तेव्हा राग आला, आता पटतं. त्यांनी विचारलं, "घरी शिरताना आधी काय बघता?" मी म्हणाले, "दाराशी बाबांच्या चपला आहेत का."

भाऊ अजून म्हणतो, बापाला वेडं ठरवलंस, अगं स्वभाव आहे त्यांचा. दादा, हे नाव डीएसएममध्ये १९८० साली आलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीनं व्यक्तिमत्त्व विकारांचे असे बहुतेक वेगळे प्रकार काढून टाकून विकाराची तीव्रता मोजायला घेतली. नाव काहीही दे. चहा टाके घातलेल्या बाईनंच केला ना?

बदलेल का, तर यावर खास अशी गोळी नाही. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्याची औषधं देतात. खरा उपचार बोलण्याचा, लांबलचक, आणि माणूस आपणहून टिकून राहिला तरच. बाबा एकदाही गेले नाहीत. तुमचा नवरा जाईलही, पण त्यासाठी तुम्ही थांबू नका, आधी स्वतःसाठी जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

हे माझ्या घरचं झालं. हा विकार असलेले सगळेच असे वागत नाहीत, काही तर वरून बुजरे वाटतात. आणि मारहाण होत असेल तर निदान वगैरे राहू द्या, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

आई अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मावशीकडे चार दिवस राहून आली. बाबा घरीच होते. चारही दिवस चहा त्यांनी स्वतः करून घेतला.