पाच वर्षांची एफडी, बारा हप्त्यांची

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३७, नोकरी मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), येणं-जाणं स्वतःच्या गाडीने. पत्नी डोंबिवलीतल्याच शाळेत शिक्षिका, मुलगा तिसरीत, घर भाड्याचं. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार. पेट्रोल असंच चढत राहिलं तर डोंबिवली परवडणार नाही, म्हणून ऑफिसजवळ, मुंबईतल्या चुनाभट्टीला सव्वा कोटीचा वन बीएचके बघून ठेवलाय. पंचवीस लाख तयार आहेत, बाकीचं कर्ज. एजंट म्हणतो पाच वर्षांत भाव दुप्पट. घ्यावा का, असा प्रश्न आहे.

पेट्रोलचा हिशेब आधी उरकू. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस. शिळफाटा-ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी लिटरला तेरा देत असेल, तर १३५ लिटर लागतात. १०५ रुपयांनी धरा, चौदा हजार झाले. उद्या लिटरमागे आणखी दहा रुपये वाढले तर तुम्हाला फटका साडेतेराशेचा. ऐरोलीचा टोल तर ऑक्टोबर २०२४ पासून माफच आहे. आणि या साडेतेराशेला घाबरून तुम्ही घरकर्जाचा महिना ८१ हजारांचा हप्ता गळ्यात बांधून घ्यायला निघालात!

तेलाचं तर विचारूच नका. कच्चं तेल एप्रिल २०२० मध्ये वीस डॉलरपर्यंत खाली आलं होतं, मार्च २०२२ मध्ये सव्वाशेच्या वर गेलं. (पडलं तेव्हा पंपावर काही स्वस्त झालं नाही, सरकारने कर वाढवून ती फट बुजवली.) असल्या भावावर वीस वर्षांचं कर्ज ठरवायचं नसतं. फर्स्ट क्लासचा पास आणि कुर्ल्याहून शेअर रिक्षा धरली तरी महिन्याला तीनेक हजारांत काम होतं. गर्दी आहे, मान्य. आठवड्यातून दोन दिवस गाडी काढा, तीन दिवस लोकल. शिवाय तुम्ही चुनाभट्टीला गेलात की वहिनींना रोज उलटा प्रवास करून डोंबिवलीची शाळा गाठावी लागेल, आणि मुलाची शाळा बदलेल ती वेगळी. तो खर्च पत्रात कुठेच नाही.

कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे तुमचे एकतीस लाख हवेत. मुद्रांक शुल्क ६ टक्के, साडेसात लाख, तेही खिशातूनच. नोंदणी आणि दलाली धरली की चाळीस लाख. तुमच्याकडे पंचवीस.

तेही पंचवीस नाहीत. तुमची यादी अशी: बँक ठेवी १२ लाख, म्युच्युअल फंड साडेपाच लाख, आणि 'बँकेची पाच वर्षांची एफडी, दरवर्षी अडीच लाख भरतो, तीन झाले', साडेसात लाख.

दरवर्षी हप्ता भरावा लागणारी एफडी जगात नसते. सोबत पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात बँकेतल्या त्या रिलेशनशिप मॅनेजरने पेनाने लिहिलंय '५ × २.५', आणि खाली छापलंय: प्रीमियम भरण्याची मुदत १२ वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, मुदतपूर्तीला ५८ लाख. ही विमा पॉलिसी आहे. तीस लाख भरून वीस वर्षांनी अठ्ठावन्न, म्हणजे परतावा पाच टक्क्यांच्याही खाली. हेच पैसे तुमच्या आणि वहिनींच्या पीपीएफमध्ये गेले असते, तर ७.१ टक्क्यांनी ऐंशी लाखांच्या पुढे गेले असते. आणि विमा किती? पंचवीस लाख. नव्वद लाखांचं कर्ज काढायला निघालेल्या माणसाला!

पॉलिसी २०२३ च्या नोव्हेंबरची, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडण्याच्या जुन्या नियमांतली. तीन हप्त्यांनंतर सोडली तर किमान हमी भरलेल्याच्या ३५ टक्क्यांची, म्हणजे अडीच लाखांच्या जरा वर. आता कोणीतरी सांगेल, 'चौथा हप्ता भरा, मग निम्मे मिळतात.' मिळतात, पण अडीच लाख भरून हमी वाढते दोन लाख चाळीस हजारांनी. या लोकांचं गणित नेहमी असंच पक्कं असतं, फक्त त्यांच्या बाजूने.

कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सोडल्यास किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप (पुढे काही न भरता, कमी रकमेवर चालू) ठेवल्यास सतरा वर्षांनी किती. समजा आज अडीचेक लाख मिळतायत आणि पेड-अपचा आकडा साडेआठ लाखांच्या वर आहे, तर राहू द्या. त्याखाली असेल तर पैसे काढून पीपीएफमध्ये टाका.

तक्रारही करा. आधी विमा कंपनीकडे, महिनाभरात दाद लागली नाही किंवा नकार आला की विमा लोकपालांकडे. फी लागत नाही. कंपनीच्या पडताळणी कॉलवर तुम्ही सगळ्याला 'हो' म्हणाला असणार, त्या मॅनेजरनेच तसं सांगितलं असेल. ते रेकॉर्डिंग तुमच्या विरुद्ध काढतील. पण पेनाने लिहिलेला तो कागद तुमच्या बाजूने आहे, आणि त्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणं असेल तर तेही. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका.

घराचं म्हणाल तर सध्या नाही. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के, तो एजंट स्वतः लिहून देणार नाही. दोन वर्षं डोंबिवलीतच राहा, पॉलिसीच्या हप्त्याचे दरवर्षी वाचणारे अडीच लाख बाजूला टाका, एक कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या. वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

चौथा हप्ता नोव्हेंबरात खात्यातून आपोआप कापला जाईल. ऑटो डेबिटचा आदेश त्याआधी लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. त्या मॅनेजरला मात्र भेटू नका, तो सोडवलेल्या पैशांची नवी पॉलिसी तयार ठेवून बसलेला असेल.