स्टार सिटिझन या ऑनलाइन अंतराळ गेममध्ये आम्ही तिघं मित्र सॅल्व्हेज (मोडक्या जहाजांमधून माल काढण्याचं काम) करणार आहोत. मोठं रिक्लेमर जहाज घ्यावं की छोटं व्हल्चर?

तिघंही रोज एकत्र बसणार असाल तर रिक्लेमरच. पण एकाचा जरी भरवसा नसेल तर व्हल्चर घ्या. ते एकट्यालाही चालवता येतं.

व्हल्चरमध्ये एकट्याची खरी दमछाक होते ती खोके हलवताना. लेझरने मोडक्या जहाजाचं हल (बाहेरचं कवच) खरवडत जायचं, त्यातून आरएमसी (पुन्हा वापरता येणारा माल) तयार होतं आणि मशीनमधून खोके बाहेर पडतात. ते उचलायला दर वेळी सीटवरून उठून मागे जावं लागतं. तेवढ्यात कोणी हल्ला केला तर हाताशी ना कंट्रोल, ना शस्त्र. मागे फक्त खोके रचायला दुसरा माणूस असला की पायलटला उठावंच लागत नाही. माझ्या मते दुसऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

रिक्लेमरवर कामं आपसूक वाटली जातात: एक जण जहाज अवशेषाजवळ स्थिर धरतो, एक खरवडतो, तिसरा मालाकडे बघतो. पायलटची घाई इथे सगळ्यांना नडते. जहाज जरा सरकलं की खरवडणाऱ्याचा लेझर पृष्ठभागावरून सुटतो, म्हणून व्हॉइस चॅट हवंच.

क्रम मात्र पाळा. आधी अवशेषाच्या आत राहिलेला माल ट्रॅक्टर बीमने (वस्तू दुरून ओढणाऱ्या किरणाने) काढून घ्या, मग हल खरवडा आणि सांगाडा फोडून गिळायचं काम शेवटी. सांगाडा आधी फोडलात तर खरवडण्याजोगं काही उरत नाही.

आणि दुसऱ्या खेळाडूचं जहाज परवानगीशिवाय खरवडू नका, गुन्हा नोंदला जाऊ शकतो. सुरुवात कायदेशीर सॅल्व्हेज कॉन्ट्रॅक्टने करा.